कोणत्या पानावर छापायचं?

पोस्ट मोठी आहे. ज्यांना आत्ता वेळ नाही त्यांनी सेव्ह करून रात्री निवांत वाचा.

१९८२ साली एचएमव्हीने एक एलपी रेकॉर्ड काढली. नाव इंग्रजी, 'सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट'. दहा राग, डिस्कोच्या ठेक्यावर. तबला नाही, गाणारं कोणी नाही, सगळं एका माणसाने जपानी यंत्रांवर वाजवलेलं. माणसाचं नाव चरणजितसिंग, राहणार मुंबई. हे नाव तुमच्या कानावर नसेल, पण त्यांचा हात तुम्ही कितीतरी वेळा ऐकलेला आहे. शंकर-जयकिशन, आर. डी. बर्मन, लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांच्या वाद्यवृंदात ते बेस गिटार, हवाईयन गिटार आणि पुढे सिंथेसायझर वाजवायचे. पडद्यावर नाव नाही, रेकॉर्डच्या कव्हरवर नाव नाही, असल्या शेकडो वादकांपैकी एक.

ही रेकॉर्ड मात्र त्यांच्या स्वतःच्या नावाची होती. ती खपली नाही. दुकानातून गेली, हळूहळू लोकांच्या डोक्यातूनही गेली. चरणजितसिंग परत आपल्या कामाला लागले. स्टुडिओ, लग्नाचे कार्यक्रम, पोटापाण्याचं.

वीस वर्षांनी, २००२ मध्ये, एदो बाउमन नावाचा एक डच रेकॉर्डवेडा दिल्लीत जुन्या तबकड्या चाळत असताना ही त्याच्या हाती लागली. त्याने ऐकली आणि थक्क झाला. पुढे चरणजितसिंगांना शोधत तो मुंबईला पोचला आणि २०१० साली आपल्या 'बॉम्बे कनेक्शन' या छोट्या कंपनीतर्फे रेकॉर्ड पुन्हा काढली.

थक्क होण्याचं कारण समजायला थोडं यंत्राकडे वळावं लागेल. रोलँड या जपानी कंपनीने १९८१ च्या शेवटी टीबी-३०३ नावाची एक चंदेरी डबी बाजारात आणली. एकट्याने गिटारचा सराव करणाऱ्याला साथीला बेस वाजवणारा नसला तर ही डबी वाजवेल, अशी कल्पना. पण तिचा आवाज बेस गिटारसारखा यायचाच नाही. चिरका, ओला, पिळल्यासारखा यायचा. गिटारवाल्यांनी पाठ फिरवली आणि १९८४ मध्ये कंपनीने उत्पादन बंद केलं. मग त्या डब्या अमेरिकेत जुन्या बाजारात स्वस्तात मिळायला लागल्या. शिकागोच्या काही काळ्या पोरांनी तिच्या खुंट्या उलटसुलट पिळून बघितल्या आणि त्यातून निघालेल्या आवाजावर 'फ्यूचर' या त्रिकुटाची 'ॲसिड ट्रॅक्स' ही रेकॉर्ड १९८७ मध्ये आली. जगभरच्या नाचघरांत गाजलेलं 'ॲसिड हाऊस' संगीत तिथून सुरू झालं असं मानतात. चरणजितसिंगांनी तीच डबी सिंगापूरहून आणली होती. सोबत रोलँडचंच टीआर-८०८ हे ड्रम वाजवणारं यंत्र आणि ज्युपिटर-८ हा कीबोर्ड. आणि रेकॉर्ड शिकागोच्या पाच वर्षं आधीची!

लगेच मथळे आले, ॲसिड हाऊसचा जन्म मुंबईत. मला हे पटत नाही. शिकागोच्या पोरांनी चरणजितसिंगांना ऐकलेलं नव्हतं, आणि चरणजितसिंगांनाही आपण काही पंथ काढतोय असं वाटत नव्हतं. सिनेमात जिकडेतिकडे डिस्को वाजतोय, तर तोच ठेका घेऊन राग वाजवून बघू, एवढंच त्यांचं साधं गणित होतं. कोण आधी, कोण नंतर ही आपली शर्यत लावायची सवय आहे, ती इथे उपयोगाची नाही.

मला जास्त बोचली ती दुसरी गोष्ट. २०१० मध्ये रेकॉर्ड पुन्हा आल्यावर बऱ्याच जणांनी ही बनवाबनवी आहे असं ठरवून टाकलं. कोणीतरी आत्ता घरी बसून केलंय आणि वर ८२ चं लेबल डकवलंय. एफेक्स ट्विन या इंग्लंडच्या संगीतकाराचं नावही त्यात घेतलं गेलं. म्हणजे बघा, वाजवणारा माणूस मुंबईत धडधाकट बसलाय, सांगतोय की मी वाजवलं, मूळ तबकडी आहे, तरी जगाला शंका. त्या वर्षीच्या एखाद्या वर्तमानपत्राचं दहा ओळींचं तारखेसकटचं कात्रण समोर ठेवता आलं असतं, तर हा वाद दहा मिनिटांत मिटला असता.

ते लिहिणं कुणाचं काम होतं? आमचं. पत्रकारांचं.

मी डेस्कवर बरीच वर्षं काढली आहेत. मजकूर टेबलावर आला की पहिला प्रश्न हा चांगला की वाईट असा नसतोच. पहिला प्रश्न, कोणत्या पानावर? सिनेमा असेल तर सिनेमाच्या पानावर. मैफल असेल, महोत्सव असेल तर शहराच्या किंवा संस्कृतीच्या पानावर. आता यंत्रावर वाजवलेला तोडी कुठे टाकणार? सिनेमाच्या पानाला त्यात नट-नटी सापडत नाही. संगीताच्या पानाला त्यात बुवा नाहीत, घराणं नाही, तंबोरे नाहीत. दोन्ही पानांनी 'आमचं नाही' म्हटलं की तो मजकूर खिळ्याला लटकतो आणि आठवड्याने रद्दीत जातो. दुष्टपणा कुणाचाच नसतो.

८२ साल तर विचारू नका. १८ जानेवारीला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईचा गिरणी संप सुरू झाला, अडीच लाख कामगार बाहेर. त्या वर्षी चांगल्या मराठी पत्रकाराचं लक्ष लालबाग-परळवरच असणार, आणि असायलाच हवं होतं. पण गिरणगाव बंद पडत असताना त्याच शहरातल्या स्टुडिओत एक सरदारजी मालकंस यंत्रात घालून बघतोय, हीसुद्धा त्या शहराचीच बातमी होती.

मराठीत संगीतावर लिहिणाऱ्यांची कमतरता होती म्हणून असं झालं, असंही नाही. केशवराव भोळे 'एकलव्य' या टोपणनावाने गायकांवर लिहायचे, आणि तेच भोळे प्रभातच्या 'संत तुकाराम'चे संगीतकार. म्हणजे हाताने काम करणारा माणूस लिहीत होता. वामनराव देशपांड्यांचं 'घरंदाज गायकी' १९६१ चं, आजही वाचलं जातं. अशोक दा. रानड्यांनी तर लोकसंगीतापासून सिनेसंगीतापर्यंत सगळं अभ्यासाला घेतलं. लिहिणारे तगडे होते. पण वर्तमानपत्रातलं बहुतेक लिखाण मैफलीभोवती फिरायचं. काल रात्री अमक्यांनी मारवा कसा गायला, हे सकाळी वाचायला मिळायचं. नवी रेकॉर्ड ही स्वतःच एक घटना आहे, तिचंही परीक्षण नाटकाच्या पहिल्या प्रयोगासारखं त्याच आठवड्यात यायला हवं, ही सवय आपल्याकडे लागली नाही.

समजा, त्या वेळी कुणी लिहिलं असतं तर काय लिहिलं असतं? मी ती रेकॉर्ड हेडफोन लावून तीन-चारदा ऐकली. पहिल्यांदा हसू येतं, खोटं कशाला बोलू. प्रत्येक राग पाच मिनिटांच्या आसपास, ठेका पहिल्यापासून शेवटपर्यंत ढिम्म हलत नाही. आलाप नाही, विस्तार नाही. भैरव, ललित, तोडी हे पहाटे-सकाळचे राग आणि ठेका रात्रीच्या नाचाचा. शास्त्रीय संगीताचा कान असलेल्याने इथेच बंद केलं असतं, आणि त्याची तक्रार खोटी ठरली नसती. पण पुढे ऐकलं की लक्षात येतं, राग निवडताना माणसाने डोकं लावलंय. दहापैकी भूपाली, कलावती, मालकंस आणि बैरागी हे चार तर पाच स्वरांचे राग. यंत्राला स्वर मोजून द्यावे लागतात, तिथे पाच स्वरांची चौकट घट्ट बसते. दुसरं म्हणजे ती ३०३ ची डबी. तिच्यात एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जायची सोय आहे. शिकागोत त्या घसरणीतून चिरका आवाज काढला गेला, चरणजितसिंगांच्या हातात ती मींडेच्या जवळ जाते. पूर्ण मींड नव्हे, पण हार्मोनियमला जे आयुष्यात जमलं नाही त्याच्या अर्ध्या वाटेवर. आणि ललितमध्ये दोन मध्यम एकापाठोपाठ येतात तेव्हा खाली यंत्राचा बेस अडून बसलेला असतो, तिथे अंगावर काटा येतो. मधुवंती मला फिका वाटला. मेघ मात्र सरस.

एवढंच. ८२ मध्ये हे कुणी लिहिलं असतं तर शंभरातल्या नव्वद वाचकांनी पान उलटलं असतं. उरलेल्या दहांतला एखादा दुकानात गेला असता.

हे एकदाच घडलं असतं तर अपघात म्हणून सोडून दिलं असतं. पण त्याच १९८२ मध्ये कलकत्त्याच्या मेगाफोन कंपनीने 'डिस्को जाझ' नावाचा अल्बम काढला होता. गायिका रूपा बिस्वास. भावाकडे कॅनडाला गेल्या होत्या, तिथे कॅलगरीत सरोदवादक आशिष खान यांच्यासोबत हा अल्बम झाला. चारच गाणी. तीही रेकॉर्ड विरून गेली, रूपाबाई घरसंसारात रमल्या. पुढे इंटरनेटवर त्यातलं एक बंगाली गाणं लाखो लोकांनी ऐकलं, जुन्या प्रती परदेशात भरमसाट किमतीला विकल्या जायला लागल्या, आणि २०१९ मध्ये शिकागोच्या न्युमेरो ग्रुपने अल्बम पुन्हा काढला.

त्याही आधीची गोष्ट अहमदाबादची. तिथल्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत, म्हणजे एनआयडीत, १९६९ साली डेव्हिड ट्यूडर या अमेरिकन संगीतकाराने मूग सिंथेसायझर बसवून स्टुडिओ उभा करून दिला. या कामामागे गीता साराभाई होत्या. १९४६ साली न्यूयॉर्कमध्ये जॉन केजला भारतीय संगीत शिकवणाऱ्या त्या ह्याच. पुढची तीन-चार वर्षं तिथे गीताबेन, अतुल देसाई, आय. एस. माथुर, एस. सी. शर्मा, जिनराज जोशीपुरा ही मंडळी टेपवर नवनवे आवाज जमवत होती. मग ते काम थांबलं आणि टेप कपाटात गेल्या. त्या कपाटातून २०१७ मध्ये पॉल पर्गस या लंडनच्या कलाकाराने बाहेर काढल्या, आणि २०२३ मध्ये 'द एनआयडी टेप्स' या नावाने अल्बम आला. पन्नास वर्षांनी. तोपर्यंत ज्यांनी काम केलं त्यांतले किती जण ऐकायला होते?

दिल्लीतल्या दुकानात डच माणूस, अहमदाबादच्या कपाटात लंडनचा माणूस, कलकत्त्याच्या अल्बमला शिकागोची कंपनी. या लोकांचे उपकार आहेत, त्यांच्यावर माझा काडीचाही राग नाही. पण ऐकणारे आपण कुठे होतो?

यात कायद्याचाही एक भाग आहे, तो फारसा कुणाला माहीत नसतो. १९५४ च्या कायद्याने देशात छापलेल्या प्रत्येक पुस्तकाची प्रत प्रकाशकाने कलकत्त्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि मुंबई, चेन्नई, दिल्लीच्या ग्रंथालयांना द्यावी लागते. १९५६ मध्ये त्यात वर्तमानपत्रं आली. रेकॉर्ड, कॅसेट, सीडी या कायद्यात नाहीत. म्हणजे तुमच्या गावच्या पतसंस्थेच्या चेअरमननी छापलेलं आत्मचरित्र सरकार दरबारी जपलं जाईल, पण त्याच गावच्या शाहिराची कॅसेट जपायची जबाबदारी कुणाचीच नाही. ती कंपनीच्या गोदामात राहिली तर राहिली, किंवा संग्राहकांच्या घरी. मुंबईत १९९० मध्ये सुरेश चांदवणकर आणि त्यांच्या सोबत्यांनी 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स' काढली, 'द रेकॉर्ड न्यूज' नावाचं नियतकालिक चालवलं. चांदवणकर पेशाने टीआयएफआरमधले शास्त्रज्ञ. नोकरी सांभाळून त्यांनी जुन्या तबकड्यांची जी नोंद केली, ते काम खरं तर एखाद्या सरकारी खात्याचं होतं.

कॅसेटच्या जमान्याची तर मोठीच हानी झाली असं मला वाटतं. ऐंशीच्या दशकात एचएमव्हीची मक्तेदारी मोडली. कमी पैशात, छोट्या स्टुडिओत, कुणीही कॅसेट काढू शकत होता. भीमगीतं, कोळीगीतं, देवीची गाणी, वगनाट्यं, विनोदी बतावणी. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर आणि दसऱ्याला दीक्षाभूमीवर पुस्तकांच्या शेजारी कॅसेटचे गठ्ठे लागायचे. प्रल्हाद शिंद्यांचा आवाज एसटी स्टँडवरच्या प्रत्येक टपरीवर होता. 'स्वतंत्र संगीत' म्हणतात ते याहून वेगळं काय असतं? पण या कॅसेटांवर पुस्तक लिहायला पीटर मॅन्युएल हा अमेरिकन प्राध्यापक यावा लागला. १९९३ चं 'कॅसेट कल्चर', तेही मुख्यतः उत्तर भारतावर. आमच्या पानांवर या गायकांना जागा कधी? निधनवार्तेत.

आता उलटं उदाहरण सांगतो, कारण नुसतं रडगाणं गायला ही पोस्ट लिहायला घेतलेली नाही. त्याच १९९३ मध्ये अलाहाबादहून 'रॉक स्ट्रीट जर्नल' नावाचं मासिक निघालं. मुंबई नाही, दिल्ली नाही, अलाहाबाद. काढणारे अमित सैगल. त्या वेळी देशातल्या बँडवाल्या पोरांची अवस्था अशी की शिलाँगच्या पोराला बंगळूरमध्ये कोण काय वाजवतंय याचा पत्ता नाही. या मासिकाने त्यांच्यावर लिहायला सुरुवात केली. पुढे त्यांनी 'ग्रेट इंडियन रॉक' महोत्सव सुरू केला, निवडक गाण्यांचे संग्रह काढले. स्वतःची गाणी रचणाऱ्या बँडला पहिल्यांदा वाटलं की आपल्याला कुणीतरी ऐकतंय. सैगल २०१२ च्या जानेवारीत गोव्याच्या समुद्रात बुडून गेले, तेव्हा देशभरच्या वादकांनी घरचं माणूस गेल्यासारखा शोक केला.

माझी एकच कुरकुर आहे, ते सगळं इंग्रजीत होतं. त्या मासिकाचा वाचक आणि आमच्या एसटी स्टँडवर कॅसेट घेणारा, यांची कधी गाठच पडली नाही.

छोट्या जागेतून लिहिलेलं किती लांब जातं याला परदेशातही दाखले आहेत. 'पिचफोर्क' ही वेबसाइट १९९५ मध्ये अमेरिकेत मिनियापोलिसजवळ रायन श्रायबर या नुकतीच शाळा संपवलेल्या मुलाने सुरू केली. दहापैकी गुण, तेही दशांशात. २००४ मध्ये त्यांनी आर्केड फायर या नवख्या बँडच्या अल्बमला ९.७ दिले आणि छोट्या कंपनीच्या त्या अल्बमचा साठा पुरेना. त्याच वर्षी ट्रॅव्हिस मॉरिसन या गायकाच्या अल्बमला ०.० दिला, त्याचा फटका त्याच्या पुढच्या वाटचालीला बसला. ही दुसरी बाजूही विसरू नये. गुण देणाऱ्याच्या हातात कोयता आला की तो ऊसही तोडतो आणि बोटंही. पुढे २०१५ मध्ये मोठ्या प्रकाशन कंपनीने पिचफोर्क विकत घेतली, आणि जानेवारी २०२४ मध्ये ती पुरुषांच्या फॅशनच्या मासिकात विलीन करून माणसं कमी केली. याउलट लंडनचं 'द वायर' बघा. जाझ आणि प्रयोगशील संगीताचं मासिक, सुरू झालं १९८२ मध्येच. योगायोग बघा. २००० साली ते तिथल्या कर्मचाऱ्यांनीच मालकाकडून विकत घेतलं आणि अजून छापून येतंय.

आता आपल्याकडे या.

आपल्या भागात संगीत होत नाही असं कोण म्हणतो? बेंजो पार्ट्या ऐका. बुलबुलतरंगाला पिकअप लावून त्यावर ॲम्प्लिफायर, शेजारी कॅसिओ, ऑक्टोपॅड, सोबत ताशा आणि ढोल. मिरवणुकीत तीन-तीन तास न थांबता. एका गाण्यातून दुसऱ्यात शिरताना ही पोरं जे जोडकाम करतात ते कागदावर लिहिलेलं नसतं, कुणी शिकवलेलं नसतं. लंडनमध्ये कुणी असं केलं तर 'प्रयोगशील' म्हणून त्यावर लेख येईल. आपल्याकडे बातमी येते ती डेसिबलची आणि गुन्हा दाखल झाल्याची. ती यायलाच हवी, आवाजाचा त्रास खरा आहे, माझ्या घरात म्हातारी माणसं आहेत. पण तीच एक बातमी?

गेल्या वर्षी आमच्याकडच्या एका मुलाने मोबाइलवर आणि मित्राच्या लॅपटॉपवर सात गाण्यांचा अल्बम केला. दुष्काळ, टँकर, पोलीस भरती, मोडलेलं लग्न, असले विषय. रॅप म्हणा, पण मधेमधे त्याच्या आजीच्या जात्यावरच्या ओव्या रेकॉर्ड करून घातल्या आहेत. पाचव्या गाण्यात जात्याची घरघर हाच ठेका आहे. मी त्यावर पाचशे शब्द लिहून एका दैनिकाला पाठवले. फोन आला, 'सर, छान आहे, पण कोणत्या पानावर घेऊ?' आणि पुढे, 'त्याला सांगा ना, वाढदिवसाच्या पुरवणीत जाहिरात दिली तर सोबत फोटो घेऊ.' मुलाने जाहिरात दिली नाही. त्याच्याकडे पैसेच नाहीत.

तर मी असं ठरवलं आहे. दर रविवारी याच ठिकाणी आपल्या जिल्ह्यातल्या एका ध्वनिमुद्रणावर लिहिणार. नवं असो की जुनी कॅसेट. आवडलं तर आवडलं म्हणेन, फसलेलं असेल तर कुठे फसलं ते सांगेन. मला हार-तुरे नकोत आणि 'आमच्या भावाचं कौतुक करा' असले मेसेजही नकोत. पाठवताना चार गोष्टी नीट कळवा. कोणत्या साली केलं, कुठे रेकॉर्ड केलं, कोणी काय वाजवलं, शब्द कुणाचे. वाजवणाऱ्यांची नावं गाळू नका, गायकाच्या आधी तीच लिहा.

पहिल्या रविवारी आपल्याच गावच्या एका बेंजो पार्टीने २००९ साली काढलेली सीडी घेतोय. माझ्याकडे नुसती चकती आहे, कव्हर हरवलंय, त्यामुळे ऑक्टोपॅडवर कोण होतं ते कळत नाही. कुणाच्या घरी कव्हर असेल तर मागच्या बाजूचा फोटो शनिवारपर्यंत इनबॉक्सला टाका.